विश्लेषण : पडद्याआडच्या विधवांची वकील! नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी मालमत्तेच्या हक्कांसाठी कसा लढा दिला?

कायद्याचे शिक्षण होते, अशील होते, अन्यायही समोर दिसत होता. नव्हती ती फक्त न्यायालयात उभे राहण्याची परवानगी. अशा अवस्थेत कॉर्नेलिया सोराबजी यांनी वीस वर्षांच्या सरकारी सेवेत बंगाल, बिहार, ओडिशा आणि आसाममधील ६००हून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना कायद्याची मदत केली, असे मानले जाते. त्यांचे मुख्य हत्यार होते लेखणी. सरकारला अर्ज, अधिकाऱ्यांना अहवाल, वारसदारांशी बोलणी आणि पडद्याआड बसलेल्या विधवेला तिच्या भाषेत समजावलेला कागद, अशी त्यांची वकिली चालली. वकिलीची सनद मिळण्याआधीच वकील झालेल्या या स्त्रीची ही कहाणी.

कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्ये झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबात जन्मलेले; तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई फ्रान्सिना यांना फोर्ड नावाच्या ब्रिटिश दाम्पत्याने वाढवले होते. त्या कुटुंबातील लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांच्यावरूनच मुलीचे नाव ठेवले गेले. कॉर्नेलियांचे बालपण बेळगाव आणि पुण्यात गेले. फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलामुलींसाठी शाळा काढल्या. घरातल्या मुलींनी शिकायचे आणि काहीतरी काम करायचे, हा त्या घराचा शिरस्ता होता. कॉर्नेलियांच्या भगिनी सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा सुरू केली, तर दुसऱ्या भगिनी अॅलिस डॉक्टर झाल्या.

वकिलीचेच वेड का लागले, याचे उत्तर कॉर्नेलियांनी आत्मचरित्रात दिले आहे. त्या लहान असताना एक श्रीमंत गुजराती विधवा त्यांच्या आईकडे मदत मागायला आली होती. या बाईंची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वासू कारभाऱ्याने एका कागदावर त्यांची सही घेतली. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या सहीने मालमत्ता कारभाऱ्याच्या नावावर गेली होती आणि कागद कायदेशीर असल्याने कोणी काही करू शकत नव्हते. अशा कितीतरी स्त्रिया आहेत, त्यांना मदत करायची तर कायदा शिकावा लागेल, असे आईने मुलीला सांगितले. त्या वयात ऐकलेली ही गोष्ट कॉर्नेलिया विसरल्या नाहीत.

पहिला नंबर येऊनही शिष्यवृत्ती का नाकारली गेली?

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पदवी परीक्षेत त्या सर्वात वरच्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये पुढील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. मात्र ती पुरुषांसाठी आहे, असे सांगून कॉर्नेलियांना नकार देण्यात आला.

त्यानंतर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवले. वर्गात सगळी मुलेच. विशीतल्या एका तरुणीने पुरुषांच्या महाविद्यालयात शिकवणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. इकडे इंग्लंडमध्ये त्यांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न गाजला. लेडी मेरी हॉबहाउस यांनी १८८८ मध्ये वृत्तपत्रातून मदतीचे आवाहन केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्यांनी निधीला हातभार लावला. या पैशावर १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तेथे बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा त्यांना भक्कम आधार मिळाला. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अॅन्सन यांनी तेथील कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांच्यासाठी खुले केले. त्याआधी एकाही स्त्रीला तेथे वाचक म्हणून प्रवेश मिळाला नव्हता. १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव केला आणि कॉर्नेलिया 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ' या परीक्षेला बसल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नव्हते. ते १९२० मध्ये सुरू झाले.

परतल्यानंतर वकिली का करता आली नाही?

लंडनमधील एका सॉलिसिटर कार्यालयात काही काळ काम शिकून कॉर्नेलिया भारतात परतल्या. सुरुवातीला त्यांनी काठियावाड आणि इंदूरच्या एजन्सी न्यायालयांत काम पाहिले. तेथील ब्रिटिश एजंटांनी पडदानशीन स्त्रियांच्या वतीने बाजू मांडण्याची त्यांना खास परवानगी दिली होती. १८९६ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयात एका महिला आरोपीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या. ब्रिटिश अमलाखालील न्यायालयात बाजू मांडणारी ती पहिली स्त्री मानली जाते. हे सगळे त्या त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालले होते. हक्क म्हणून काहीच नव्हते.

संस्थानी न्यायाचा एक मासला त्यांनी लिहून ठेवला आहे. पंचमहालातील एका संस्थानात एका हत्तीच्या केळीच्या बागेचा दावा त्यांच्याकडे आला. त्या तयारीनिशी गेल्या. पण युक्तिवाद सुरू होण्याआधीच झोपाळ्यावर बसलेल्या राजाने निकाल त्यांच्या बाजूने देऊन टाकला. कारण काय, तर राजाच्या कुत्र्याला त्या आवडल्या होत्या. वाचताना हसू येते. पण दावा जिंकूनही वकिलाची काहीच गरज नव्हती, हे त्यातले दुखणे आहे.

मग कॉर्नेलियांनी सनदेचा रीतसर मार्ग धरला. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही वकील म्हणून त्यांची नोंदणी झाली नाही. परीक्षेला बसू देणे वेगळे आणि न्यायालयात उभे राहू देणे वेगळे, अशी न्यायाधीशांची भूमिका होती.

तेव्हाच्या कायद्यात विधवेला मालमत्तेत काय मिळत असे?

कॉर्नेलियांच्या कामाचे मोल कळायचे तर आधी हे समजून घ्यावे लागते. हिंदू विधवेचा हक्क तेव्हा प्रांताप्रांतानुसार बदलत असे. देशाच्या बहुतेक भागात 'मिताक्षरा' पद्धत लागू होती. तिच्यानुसार पती एकत्र कुटुंबात असतानाच वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुष भागीदारांकडे जाई. विधवेच्या वाट्याला येई ती फक्त पोटगी, म्हणजे अन्नवस्त्र आणि राहण्याची सोय.

बंगालमध्ये 'दायभाग' पद्धत होती. तेथे पतीला मुलगा, नातू किंवा पणतू नसेल तर एकत्र कुटुंबातही त्याचा हिस्सा विधवेकडे येई. कागदावर ती जमीनदारीण होई. मात्र ही मालकी अर्धी होती. उत्पन्न तिचे, पण जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार मर्यादित. पतीचे कर्ज, श्राद्ध, मुलीचे लग्न, सरकारी सारा अशा 'कायदेशीर गरजे'साठीच ती व्यवहार करू शकत असे. तिच्या मृत्यूनंतर मालमत्ता तिच्या पसंतीच्या माणसाकडे न जाता पतीच्या पुढच्या वारसाकडे जाई. त्यामुळे दीर, पुतणे, चुलत दीर अशी मंडळी तिच्या प्रत्येक व्यवहारावर नजर ठेवून असत.

शिवाय १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाची मुभा दिली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जाईल अशी अटही घातली. मुस्लीम विधवेला कायद्याने ठरलेला हिस्सा होता. मुले असल्यास आठवा, नसल्यास चौथा. पण पडद्याआडून तो ताब्यात घेणे तिलाही सोपे नव्हते.

दत्तकाचा प्रश्न तर याहून नाजूक. बंगालमध्ये पतीने अधिकार दिला असेल तरच विधवा दत्तक घेऊ शकत असे. मिथिला भागात पतीच्या पश्चात तिला दत्तक घेताच येत नसे. महाराष्ट्रात त्या मानाने मोकळीक होती. तरीही दत्तकावरून घराणी न्यायालयात गेली. लोकमान्य टिळकांना वर्षानुवर्षे गुंतवून ठेवणारे पुण्यातील ताई महाराज प्रकरण हे त्याचेच उदाहरण. त्याचा निकाल १९१५ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये लागला. मुलगा दत्तक आला की दूरच्या वारसांची आशा संपते, म्हणून विधवेने कोणाला मांडीवर घ्यावे हा लाखोंच्या मालमत्तेचा प्रश्न होई.

पडदानशीन स्त्रीची अडचण नेमकी काय होती?

उच्चकुलीन हिंदू आणि मुस्लीम घरांतील अनेक स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत. वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, जिल्हाधिकारी पुरुष. म्हणजे कायद्याशी संबंध आला की मध्ये कोणीतरी हवाच. तो कधी दिवाणजी, कधी कुलोपाध्याय, कधी भाऊबंद. आणि वाद असायचा तो अनेकदा याच मध्यस्थाशी.

अधिकारी भेटीला आला तरी तो पडद्यापलीकडे बसे. आतून येणारा आवाज मालकिणीचा आहे की दुसऱ्याच कोणाचा, याची खात्री करण्याची सोय नव्हती. कागद आत जाई, अंगठा उमटून बाहेर येई. तो अंगठा कोणाचा आणि मजकूर कोणी वाचून दाखवला, हे बाहेरच्याला कसे कळणार?

कायद्याला याची जाणीव नव्हती असे नाही. पडदानशीन स्त्रीला न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूट होती. तिची साक्ष कमिशन नेमून घरी घेतली जाई. तिने केलेल्या दस्ताच्या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलने एक तत्त्वही घालून दिले होते. दस्ताचा फायदा ज्याला होतो, त्याने सिद्ध करायचे की बाईला मजकूर समजला होता आणि तिने तो आपल्या इच्छेने केला. तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हेही पाहिले जाई. तत्त्व चांगलेच होते. पण ते कामी येई दावा दाखल झाल्यावर. दावा दाखल करायला वकील लागे आणि वकिलापर्यंत जायला पुन्हा तोच मध्यस्थ. स्वतंत्र सल्ला देणारा माणूस आतपर्यंत पोहोचणार कसा, हा प्रश्न कायद्याने मोकळाच सोडला होता. कॉर्नेलियांनी बोट ठेवले ते नेमके याच जागेवर.

पत्रव्यवहारातून पद कसे निर्माण झाले?

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर कॉर्नेलियांनी सरकारचे दार ठोठावले. १९०२ पासून त्यांनी लंडनमधील इंडिया ऑफिसकडे अर्ज करायला सुरुवात केली. 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून प्रश्न ब्रिटिश वाचकांपुढे नेला. त्यांचे म्हणणे साधे होते. स्त्रिया आणि अज्ञान मुलांच्या मालमत्ता सरकार स्वतः सांभाळते, पण ज्यांच्यासाठी सांभाळते त्यांच्याशी सरकारचा एकही माणूस प्रत्यक्ष बोलू शकत नाही. मग एक कायदा शिकलेली स्त्री या कामावर का नेमू नये?

या मांडणीत मोठी हुशारी होती. स्त्रियांना वकिलीचा हक्क द्या, असे म्हटले असते तर तत्त्वाचा वाद झाला असता आणि उत्तर पुन्हा नकारार्थीच आले असते. कॉर्नेलियांनी सरकारला त्याचीच प्रशासकीय अडचण दाखवली. महसूल बुडतो, दावे वाढतात, मालमत्ता कर्जात जाते. आणि त्याचे एक कारण म्हणजे जनानखान्यापर्यंत न पोहोचणारी यंत्रणा. सरकारला कळणारी भाषा हीच होती.

अखेर १९०४ मध्ये बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'मध्ये 'लेडी असिस्टंट' म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे १९०७ पर्यंत बंगालबरोबरच बिहार, ओडिशा आणि आसामचे कामही त्यांच्याकडे आले. पद नवे, त्याला पूर्वीचा दाखला नाही. त्यामुळे दर्जा, पगार आणि अधिकार यासाठी त्यांना सरकारशी वेगळा पत्रव्यवहार सतत करावा लागला.

'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' म्हणजे काय आणि तेथे काम कसे चाले?

नावात 'कोर्ट' असले तरी हे न्यायालय नव्हते. जमीनदार वारला आणि वारस अज्ञान असला, किंवा मालकीण कारभार पाहण्यास असमर्थ ठरवली गेली, तर ती जमीनदारी सरकार आपल्या देखरेखीखाली घेई. बंगालमध्ये त्यासाठी १८७९ चा कायदा होता. सर्वात वर महसूल मंडळ, खाली विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी, आणि प्रत्यक्ष कामाला व्यवस्थापक. व्यवस्थापकाने वसुली करायची, कर्ज फेडायचे, सारा भरायचा आणि कुटुंबाला ठरलेला भत्ता द्यायचा. मुलगा सज्ञान झाला की मालमत्ता त्याच्या हाती.

कागदावर चोख वाटणाऱ्या या व्यवस्थेत विधवा मात्र हरवून जाई. भत्ता मंजूर होई, पण तो तिच्या हातात पडतो का? मुलाच्या शिक्षणाचा खर्च नोंदवला जाई, पण मूल शिकते आहे का? दागिने पेटीत आहेत असे यादी म्हणे, पण पेटीची किल्ली कोणाकडे?

हे पाहायला कॉर्नेलिया स्वतः जात. रेल्वे, होडी, पालखी, प्रसंगी हत्तीवरून आडवळणाच्या गावांत त्यांचा प्रवास चाले. जनानखान्यात त्यांना थेट प्रवेश होता. विधवेशी समोरासमोर बोलणे, तिची तक्रार समजून घेणे, आलेला कागद तिला उलगडून सांगणे, मगच सही करायला सांगणे किंवा सही करू नका असे बजावणे, हे पहिले काम. त्यानंतर जिल्हाधिकारी किंवा महसूल मंडळाकडे लेखी अहवाल. भत्ता वाढवावा, थकबाकी द्यावी, मुलासाठी शिक्षक नेमावा, मुलीला शिकवावे, आजाऱ्याला डॉक्टर मिळावा, अशा शिफारशी त्यात असत.

अज्ञान वारसाच्या जिवाची काळजी हाही कामाचा भाग होता. एका मुलाच्या असण्या-नसण्यावर मोठी जमीनदारी कोणाकडे जाणार हे ठरत असे. त्यामुळे विषप्रयोगाची भीती अनेक घरांत खरीच वावरत होती. मुलाला कोण जेवू घालते, त्याच्याभोवती कोण असते, याकडेही कॉर्नेलियांना लक्ष द्यावे लागे.

दाव्याऐवजी तडजोडीवर भर का होता?

एक कारण तर उघडच आहे. न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पण अशिलाचे हितही त्यातच होते. जमिनीचा दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून प्रिव्ही कौन्सिलमध्ये जायचा म्हणजे वर्षे निघून जात. विधवेचा हक्क हयातीपुरताच. दावा जिंकेपर्यंत तीच राहिली नाही, तर निकालाचा उपयोग काय? आणि तोवर वकिलांचा खर्च त्याच जमिनीतून निघणार.

म्हणून सासू आणि सून, दोन सवती, विधवा आणि दीर यांच्यात बोलणी घडवून आणणे, किती भत्ता, कोणते दालन, कोणते दागिने, कोणत्या पूजेचा खर्च हे ठरवणे, आणि ठरलेले कागदावर आणणे हा मार्ग अधिक उपयोगाचा होता. घराण्याची अब्रू चावडीवर येत नसल्याने दोन्ही बाजूंना तो पटेही. अनेकदा हे काम त्यांनी मोबदला न घेता केले.

स्त्रियांना वकिलीची दारे कधी उघडली?

कॉर्नेलिया सरकारी सेवेत असताना बाहेर ही लढाई दुसऱ्या स्त्रिया लढत होत्या. रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार दिला. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द असला तरी त्यात स्त्री येत नाही, असा तेव्हाचा अर्थ होता.

त्याच वर्षी, १९२१ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र वेगळी वाट धरली आणि कॉर्नेलियांची वकील म्हणून नोंदणी केली. परीक्षा उत्तीर्ण होऊन तोवर २२ वर्षे उलटली होती. त्यांचे वय ५४. १९२३ मध्ये कायदा झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीपासून रोखता येणार नाही, हे देशभर ठरले. ऑक्सफर्डची अडकलेली पदवीही १९२२ मध्ये कॉर्नेलियांना मिळाली. मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा (नंतरच्या लाम) यांनी बॅरिस्टर म्हणून काम सुरू केले, तेही याच दशकात.

पण दार उघडले तरी बसायला जागा मिळेलच असे नाही. कॉर्नेलियांनी कलकत्त्यात बॅरिस्टर म्हणून काम सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे येत ती मुख्यतः मत देण्याची कामे. उभे राहून युक्तिवाद करण्याची संधी क्वचितच. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे काम करूनही त्यांचे नाव मागे का पडले?

याचे उत्तर त्यांच्या राजकीय मतांत आहे. कॉर्नेलिया ब्रिटिश राजवटीच्या उघड समर्थक होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आधी शिक्षण आणि समाजसुधारणा, मग राजकीय हक्क, असे त्या मानत. १९२७ मध्ये अमेरिकी लेखिका कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने भारतात संताप उसळला, तेव्हा कॉर्नेलियांनी मेयोंची बाजू घेतली. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. स्त्रियांमध्ये सामाजिक कामाची जी संघटना त्या उभारत होत्या, तिच्याकडे लोकांनी पाठ फिरवली. स्वातंत्र्याच्या लढ्यात घडलेल्या स्त्री-नेत्यांच्या मालिकेत त्यांना जागा मिळाली नाही, यात नवल नाही.

पडद्याबद्दलची त्यांची भूमिकाही सरळ नव्हती. पडदा एका फटक्यात फाडावा, असे त्यांना वाटत नव्हते. त्या स्त्रिया जशा आहेत तशाच त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचवावा, यावर त्यांचा भर होता. सुधारकांना हे मागासलेले वाटले. पण उद्या सही करायची असलेल्या विधवेला पुढच्या पिढीतल्या सुधारणेचा उपयोग नव्हता, हेही तितकेच खरे. कॉर्नेलियांची साम्राज्यनिष्ठा झाकण्याचे कारण नाही आणि त्यासाठी त्यांचे काम पुसण्याचेही नाही. अलीकडे त्यांची आठवण पुन्हा जागी झाली आहे. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला, तर २०१७ मध्ये जन्मदिनी गूगलने त्यांच्यावर डूडल केले.

त्यानंतर कायद्यात काय बदलले?

कॉर्नेलियांनी एकेका घरात जाऊन जे मिळवून दिले, ते कायद्याने सर्वांना मिळायला बराच काळ गेला. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांतून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. त्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला. पण मालकी जुनीच, हयातीपुरती. शेतजमिनीला हा केंद्रीय कायदा लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये सांगितल्याने त्याची धार आणखी कमी झाली.

खरा बदल झाला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली आणि जे रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच बिलातून पुढे हा कायदा आला. त्यातील कलम १४ ने स्त्रीची मर्यादित मालकी संपवली. तिच्याकडे असलेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. पती मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेत विधवा, मुले, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही जन्मतः हक्क मिळाला.

आजच्या वाचकाला याचा काय उपयोग?

आज पडदा नाही, हक्क पूर्ण आहे. पण कागद आणि सही यांमधली ती मोकळी जागा अजून आहे. पतीच्या निधनानंतर वारसनोंद करताना, घर मुलाच्या नावावर करताना किंवा माहेरच्या जमिनीवर हक्कसोडपत्र देताना अनेक स्त्रिया आजही मजकूर न वाचता सही करतात. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे सोपे नसते. फसवणूक झाली असे म्हणणे वेगळे आणि ती न्यायालयात सिद्ध करणे वेगळे.

कॉर्नेलिया सोराबजींनी वीस वर्षे जे केले, त्यातून निघणारा नियम साधा आहे. सही करण्यापूर्वी कागद आपल्या भाषेत वाचून घ्यावा. समजावून सांगणारा माणूस त्या कागदाचा लाभार्थी नसावा. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागले आहे का, हे स्वतः पाहावे. आणि घाई करणाऱ्याला एकच विचारावे, की आजच सही का हवी आहे?